सत्तावीस नंबरच्या घरात कोणी नाही

विषय : घर नंबर सत्तावीसमधील हौसाबाई या आहेत किंवा कसे, याबाबत.
संदर्भ : राजेसाहेबांची शिरगणती, वही तिसरी, पान नववे.

वरील विषयाला अनुसरून सर्व लहान मुलामुलींना कळवण्यात येते की, एका हिरव्यागार डोंगराच्या कुशीत शेवंतवाडी नावाचं एक पिटुकलं गाव होतं. गावाच्या अगदी टोकाला, जिथून रान सुरू होतं, तिथे सत्तावीस नंबरचं घर होतं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर आणि छपराला इतकी भोकं की सकाळी घरभर उन्हाचे सोनेरी कवडसे नाचत. त्या घरात सोनकी नावाची आठ वर्षांची मुलगी राहायची. तिच्याकडे एकच परकर होता. त्याला सात ठिगळं होती, सातही वेगळ्या रंगांची. त्यामुळे सोनकी धावायला लागली की इंद्रधनुष्य धावतंय असं वाटे. पोट मात्र पुष्कळदा रिकामं असे, आणि तिथे ठिगळ लावता येत नाही.

सोनकीचे बाबा, धोंडू, राजाच्या रस्त्यावर खडी फोडायला जात. आई, हौसा, पहाटे उठून पाणी भरायची, सरपण फोडायची, शेळी चारायची, भाकऱ्या थापायची, लोकांच्या वाकळा शिवून द्यायची आणि पाऊस येण्याआधी छपराची भोकं बुजवायची. यापलीकडे ती काही करत नाही, असं गावात सगळे म्हणत. हौसाही तेच म्हणे.

आता त्या राज्यात एक जुनी जादू होती. राजाच्या वहीत शाईने जे लिहिलं जाई, ते खरं होई. विहिरीला पाणी आहे असं लिहिलं की विहिरीच्या तळाशी निळंशार पाणी चमकायला लागे. म्हणून तिथले कारकून फार जपून लिहीत, आणि बहुतेक वेळा लिहीतच नसत.

विसोबा कारकून मात्र नवे होते, आणि प्रामाणिक होते. ही दोन्ही दुखणी ज्याला एकदम झालेली असतात, त्या कारकुनाला फार सांभाळावं लागतं. राज्यात माणसं किती ते मोजून आणा, असा त्यांना हुकूम झाला. लेकरांची वही वेगळी होती. त्यांच्याकडे मोठ्या माणसांची होती. वैशाखातल्या एका दुपारी डोक्यावर पगडी, बगलेत वही आणि कानावर मोरपिसाची लेखणी घेऊन ते शेवंतवाडीत आले. गडीमाणसं कामावर गेलेली. विसोबा एकेका दारात उभे राहून विचारत गेले, आणि शेवटी सत्तावीस नंबरला आले.

"घरात कोणी आहे का?"

हौसा पिठाचे हात घेऊन दारात आली. पदर सावरत म्हणाली, "घरात कोणी नाही. संध्याकाळी या."

धोंडूचं नाव वाटेवरच्या मुकादमाने सांगितलेलं होतं, ते वहीत आलेलंच होतं. विसोबांनी हौसाकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं, ते पिऊन झाल्यावर "बरंय बाई, येतो" म्हणाले, आणि वहीत सुबक अक्षरात लिहिलं : घर नंबर सत्तावीस, धोंडूखेरीज कोणी नाही. सव्वीस नंबरलाही त्यांनी तसंच लिहिलं होतं, पंचवीसलाही. साऱ्या गावातून त्यांना हेच उत्तर मिळालं होतं. एवढ्या साऱ्या कोणी नसलेल्या घरांतून धूर कसा निघतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

शाई वाळली, आणि जादू सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सोनकीला दिसलं की आईची सावली पडत नाहीये. तिसऱ्या दिवशी आई दारात उभी राहिली, तर तिच्यातून अंगणातली पिवळीधमक शेवंती दिसली. आई दवाच्या थेंबासारखी आरपार होत चालली होती. सकाळी तिच्या गालांतून गुलाबी आभाळ दिसे, चुलीपुढे बसली की तिच्या पोटातून केशरी जाळ लुकलुके. दिसायला ते फार सुंदर होतं. सोनकी पाहत राही, आणि मग तिला हुंदका येई. कारण रात्री कुशीत शिरलं की पूर्वी जिथे आईचा खांदा असायचा, तिथे आता नुसती ऊब होती.

गावातल्या सगळ्याच घरांत असं चाललं होतं. पण कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण कामं वेळेवर होत होती. सोनकीने संध्याकाळी बाबांना सांगितलं. धोंडू वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. त्याने ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, "भाकरी आहे ना ताटात? मग आई आहे."

सोनकीने आईलाही सांगून पाहिलं. आई हसली, आपल्या आरपार हाताकडे बघून म्हणाली की उन्हाने होतं असं कधी कधी. आणि वाकळ शिवायला बसली.

त्या आठवड्यात सोनकी रानात काटक्या वेचायला गेली होती. करवंदीच्या जाळीत काहीतरी झगमगत होतं. तिने वाकून पाहिलं, तर काय! करंगळीएवढी एक परी तिथे अडकली होती. चतुराचे असतात तसे झिरझिरीत चार पंख, त्यांत निळा, जांभळा, पोपटी असे रंग पाण्यासारखे हलत होते, आणि एक पंख काट्यात फसला होता. सोनकीने आत हात घातला. काट्यांनी तिची बोटं ओरबाडली, रक्ताचे बारीक बारीक लाल मणी आले, पण तिने पंखाला एवढीशी चीर पडू दिली नाही. परी मोकळी झाली, आणि साऱ्या जाळीवरच्या काळ्या करवंदांत एकेक दिवा लागला.

परीचं नाव होतं तिरीप. पानांतून उन्हाची तिरीप उतरते ना, त्यातूनच ती येई आणि जाई. तिने सोनकीच्या बोटांवर फुंकर घातली, तशी बोटं बरी झाली. मग ती घुंगरासारख्या आवाजात म्हणाली, की तुला तीन इच्छा मिळाल्या, बाळ, माग.

सोनकीला लाल परकर दिसला. गूळ घातलेली, तुपाने चमचमणारी पोळी दिसली. तोंडाला पाणीसुद्धा सुटलं. तिने ते गिळून टाकलं आणि म्हणाली, "माझ्या आईला पहिल्यासारखी कर."

तिरीपने पंखाखालून पाकळ्यांची एक चिमुकली वही काढली. पऱ्यांनाही वही असते. कुठलंच राज्य त्यातून सुटलेलं नाही. तिने पान नववं काढलं, दोनदा वाचलं, आणि तिचे पंख जरा मलूल झाले.

"इथे तुझ्या घरात आई नाही गं, सोनुले. कोणी नाही असं लिहिलंय. जे नाहीच त्याला मी पहिल्यासारखं कसं करू?"

सोनकी म्हणाली की लिहिलेलं चुकलंय, आई आहे, आता चुलीपुढे बसली असेल. तिरीपने तिचे डोळे पुसले आणि नियम सांगितले. वहीत जे माणूस नाही, त्याला दारात जाऊन विचारता येतं. एका इच्छेचा एक प्रश्न, म्हणजे तीन दुपारी तीन प्रश्न. त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने "मी आहे" असं म्हटलं, की वही हरली. मग राजाचीसुद्धा शाई त्याला पुसू शकत नाही. मात्र त्याला कोणी उत्तर शिकवायचं नाही, खूण करायची नाही, कोपरखळीही मारायची नाही. शिकवलेलं उत्तर शिकवणाऱ्याचं धरलं जातं.

सोनकीला वाटलं, एवढंच ना? आई तर दारातच असते.

पहिल्या दुपारी फाटकाशी हिरवी झळझळ उभी राहिली, आणि आतून गोड आवाज आला, "घरात कोणी आहे का?"

हौसा शेळीला पाणी दाखवत होती. मान न वळवता म्हणाली, "कोणी नाही हो."

झळझळ विझली. सोनकीने ओठ दातांखाली दाबून धरले होते. आईचे हात कोपरापर्यंत नाहीसे झाले. पाण्याची बादली आपोआप हवेतून चालल्यासारखी गेली, आणि तिच्यातल्या पाण्यात उन्हाची हजार फुलं उमलली.

दुसऱ्या दुपारी आवाज पुन्हा आला. हौसाने या वेळी चांगला विचार केला. दोनदा येणाऱ्या माणसाला नीट उत्तर द्यावं असं तिला वाटलं असणार. "हे रस्त्याच्या कामावर गेलेत," ती म्हणाली. "मी काय, घरातलीच."

फाटकावरची झळझळ क्षणभर सोन्यासारखी पिवळी झाली. सोनकी उठून उभी राहिली. पण झळझळ पुन्हा फिकी पडली. जाता जाता तिरीप सोनकीच्या कानाशी येऊन हळूच सांगून गेली, की "मी" आलं, पण "आहे" आलं नाही. नियमात बसत नाही. कार्यालयातून असं उत्तर मिळालं की माणसाला काय वाटतं, ते ज्याला मिळालंय त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून आई दिसतच नव्हती. हवेत सहा हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या. परातीत पीठ आपलं आपण मळलं जात होतं, भाकरी चंद्रासारखी गोल होऊन तव्यावर उतरत होती, टम्म फुगत होती. सुईला दोरा ओवला जात होता. घरभर काम चाललेलं होतं, आणि घरात कोणी नव्हतं. सोनकी उंबऱ्यात बसून हे नवल बघत होती. तिच्या डोळ्यांपुढे एवढं मोठं आश्चर्य घडत होतं, आणि तिला त्यातलं काही नको होतं.

ऊन डोक्यावर आलं. फाटकाशी झळझळ उभी राहिली, या वेळी मोराच्या पिसाऱ्याएवढी, निळी आणि हिरवी. शेवटचा प्रश्न आला.

"घरात कोणी आहे का?"

बांगड्या थांबल्या. घर इतकं गप्प झालं की छपरातून पडणारे कवडसेही हलायचे थांबले. सोनकीला ओरडून सांगावंसं वाटलं. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. तिने आत पाहिलं, बांगड्यांच्या वर पाहिलं, जिथे आईचा चेहरा असायला हवा तिथे पाहिलं. तिथे नुसती भिंत होती. आणि बांगड्या? त्याही आता धूसर व्हायला लागल्या होत्या. एक गेली. दुसरी गेली. मग मात्र सोनकीला राहवलं नाही. शिकवायचं नव्हतं, खूण करायची नव्हती, तिने काहीच केलं नाही. ती फक्त आईशिवायच्या घरातल्या लेकरासारखी मोठ्याने रडायला लागली.

परातीतलं पीठ तसंच राहिलं. पिठाने माखलेली ऊब धावत उंबऱ्याशी आली. फाटकाशी कोण उभं आहे, काय विचारतंय, याचं हौसाला भानही राहिलं नाही.

"रडतेस कशाला, सोने? मी आहे ना."

आणि मुलांनो, काय झालं सांगू! आधी सोनकीच्या डोक्यावर पिठाची पाच बोटं उमटली. मग बोटांमागून हात आला, गव्हाळ रंगाचा, भाजल्याच्या खुणांसकट. मग सुरकुतलेलं जांभळं लुगडं, मग गळ्यातले काळे मणी, मग घामाने चमकणारं कपाळ, त्यावर चंद्रकोर. आणि जमिनीवर, भर दुपारी, काळीभोर, जाडजूड, देखणी सावली पडली. सोनकीने आधी सावलीलाच मिठी मारली, मग आईला. आईच्या खांद्याचं हाड तिच्या गालाला टोचलं. इतकं छान तिला कधीच काही टोचलं नव्हतं.

झळझळीतून तिरीप बाहेर आली. आता ती माणसाएवढी उंच होती, आणि तिच्या पंखांतून साती रंग अंगणभर सांडत होते. हौसा हात जोडून पाहत राहिली. तिरीप म्हणाली, "तुझ्या लेकीने तिन्ही इच्छा तुझ्यावर घातल्या. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. म्हणून मी माझा प्रश्न तिला देऊन जाते. यापुढे तिने विचारलं तरी चालेल."

तिने सोनकीच्या कपाळाला ओठ लावले. छपराच्या एका भोकातून उन्हाची लखलखीत तिरीप उतरली, तिच्यात लाखो सोनेरी कण गरगरले, आणि परी त्यांतलाच एक कण होऊन वर गेली.

सोनकी त्याच दुपारी गावात निघाली. दारोदार उभी राहून विचारू लागली. सव्वीस नंबरच्या म्हाळसाकाकूंनी तिला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा लाजत लाजत म्हणाल्या, "आहे की आपली." तेवढ्याने त्या कमरेपर्यंतच परत आल्या. उरलेल्या म्हाळसाकाकू आणण्यासाठी सोनकीला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. कोणी हसून उत्तर दिलं, कोणी चिडून, कोणी आधी मागेपुढे बघून. पण महिनाभरात शेवंतवाडीच्या गल्लीत इतक्या सावल्या पडायला लागल्या की लोकांना दुपारी गारवा वाटू लागला. धोंडूने घरी येऊन बायकोकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. ताटाकडे नंतर पाहिलं.

राहता राहिली वही. बायका परत आल्या तरी पान नववं तसंच होतं. तेव्हा हौसा, म्हाळसाकाकू आणि गावातल्या साऱ्या जणींनी मिळून राजाच्या कचेरीत रीतसर अर्ज दिला, की आम्ही आहोत, तरी वहीत दुरुस्ती व्हावी. विसोबा कारकुनांनी अर्ज अदबीने घेतला, त्यावर तांबडा शिक्का मारला आणि सर्वांना पाणी दिलं. अर्ज वर गेला. वरून विचारणा झाली की अर्जदार कोण आहेत, ते वहीत पाहून कळवावे. विसोबांनी वहीत पाहिलं आणि पाहिलं तसं कळवलं.

राणीसाहेबही अलीकडे जरा आरपार दिसतात, असं राजवाड्यातल्या दासी सांगतात. राजेसाहेबांना ते जाणवलेलं नाही. त्यांचा मुकुट रोज वेळेवर पुसलेला असतो. सोनकीने राजवाड्यात जाण्याची परवानगी मागितली आहे.

दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.