कपाटे करणाऱ्याची गिटार

एकदा एक कपाटे करणारा सुतार गिटार करायला बसला.

त्याचे नाव विश्राम मेस्त्री. समुद्रकाठच्या त्या गावात ज्या घरी लग्न ठरले त्या घरी विश्रामचे कपाट गेले, असा तीस वर्षांचा क्रम होता. त्याच्या कपाटांचा लौकिक असा की एकदा घरात शिरलेले कपाट पुन्हा त्याच्या दारी आले नाही. बिजागरी ढिली झाली नाही, फळी फाकली नाही, पाय डुगडुगला नाही. एका घराला आग लागली तेव्हा सगळे घर गेले आणि कपाट काळे पडून उभे राहिले, ही हकीकत तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगे. त्या घरच्यांबद्दल वाईट वाटल्याचेही सांगे, पण ते मागाहून.

विश्रामला एकच मुलगी, केतकी. तिची आई लवकर गेली, त्यामुळे हा आडदांड माणूस वेणी घालण्यापासून सगळे शिकला आणि मुलीला त्याने तळहातावरच्या फोडासारखे जपले. केतकी मोठी झाली, शिक्षिका झाली, लहान मुलांना गाणी शिकवू लागली. पहिल्या पगारातून तिने शहरातून एक गिटार आणली. पुढच्या वैशाखात उन्हाने लाकूड तडकले आणि ज्या घोडीवर तारा टेकतात ती घोडीच उपटून हातात आली. तिने ती गिटार उचलून कपाटावर ठेवली, आणि ते कपाट विश्रामनेच केलेले असल्यामुळे ते दृश्य त्याला दिवसातून दहा वेळा पाहावे लागे.

त्यात केतकीला दूरच्या एका शाळेत नोकरी मिळाली. चौदा तासांचा प्रवास. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तिला जायचे होते. विश्राम हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. तो एवढेच म्हणाला, “दुसरी गिटार विकत घेऊ नकोस. मी करतो तुला. जन्मात मोडणार नाही अशी.” काही बापांना निरोप देता येत नाही, म्हणून ते काहीतरी करायला घेतात. विश्राम त्यांतला होता.

तेव्हा फेब्रुवारी चालू होता. हातात जेमतेम चार महिने होते.

गावातच इनासबाबा नावाचे एक वृद्ध कारागीर राहत. वय पंचाहत्तरीच्या पुढे. घराच्या मागच्या पडवीत ते हाताने गिटारी करीत, वर्षाला चार, फार तर पाच. विश्राम त्यांच्याकडे गेला, पायाशी नारळ ठेवला आणि म्हणाला की बाबा, मला शिकवा. बाबांनी त्याचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि उद्यापासून ये म्हणाले.

पहिल्याच दिवशी विश्रामच्या मनात शंका शिरली. पडवीच्या भिंतीवर आठ गिटारी टांगलेल्या होत्या आणि त्यांतल्या पाच दुरुस्तीला आलेल्या. एकीची घोडी उचलली होती, एकीचे पोट फुगले होते, एकीला चीर गेली होती. आणि सगळ्या बाबांनीच केलेल्या. आपण ह्यांच्याकडे शिकायचे की ह्यांना शिकवायचे, असा प्रश्न विश्रामला पडला. पण माणूस सभ्य होता. तो मूग गिळून बसला.

काम मात्र झकास चालले. फणसाच्या पातळ पट्ट्या गरम नळीवर दाबून गिटारीच्या कडा वाकवायच्या असतात. नवशिक्याच्या हातून दोन-तीन तरी मोडतात. विश्रामच्या हातून एकही मोडली नाही. त्याचे सांधे पाहून बाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून पाहिले. फक्त डिंकाऐवजी जुन्या पद्धतीचा सरस वापरायचा बाबांचा आग्रह त्याला पटला नव्हता. ह्यापेक्षा पक्के चिकटणारे हल्ली बाजारात मिळते, असे त्याने सुचवून पाहिले. बाबा म्हणाले, मिळते खरे. आणि सरसाचे भांडे पुन्हा गरम पाण्यात ठेवले.

मग समोरच्या फळीची पाळी आली, आणि इथे विश्रामचा हात आखडला.

गिटारीचा आवाज ह्या फळीतून येतो. देवदाराची ती फळी रंध्याने तासत तासत पुठ्ठ्याइतकी पातळ करायची, तिच्या आतल्या बाजूला आधारापुरत्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या, मग फळी एका कोपऱ्याला धरून बोटाच्या पेराने ठोकायची आणि ऐकायचे. पुन्हा थोडे तासायचे, पुन्हा ऐकायचे. बाबा ऐकत आणि म्हणत, अजून थोडी. विश्रामला त्या ठोकण्यात काहीच ऐकू येत नव्हते. त्याला फक्त हातातली फळी वाकताना दिसे. त्याच्या धंद्यात पातळ फळी म्हणजे लबाडी. पातळ फळी वापरणाऱ्या सुतारांबद्दल तो आयुष्यभर वाईट बोलत आला होता.

शनिवारी बाबा म्हणाले, “अजून दोन हात रंधा फिरव. सोमवारी मागची पाठ लावू.”

रविवारी सकाळी बाबा चर्चमध्ये गेले आणि विश्राम पडवीत आला. त्याने रंधा फिरवला नाही. उलट सागाच्या चार चांगल्या जाड पट्ट्या फळीच्या आतून आडव्या चिकटवल्या, फळी आणि पाठ कडांना लावून पेटी बंद करून टाकली आणि चहूबाजूंनी शिकंजे आवळले. त्याचा जीव भांड्यात पडला. शिष्याने गुरूची आज्ञा मोडली हे त्याला कळत होते. पण गुरूला मुलगी नव्हती, असा एक मुद्दा त्याने स्वतःपाशी तयार ठेवला होता.

बाबा परत आले. त्यांनी बंद पेटीकडे पाहिले, विश्रामकडे पाहिले आणि पाठ लावलीस का, असे विचारले. सुट्टीचा दिवस वाया कशाला घालवायचा म्हणून लावली, असे विश्राम म्हणाला. दुसऱ्या दिवशी शिकंजे काढल्यावर बाबांनी पेटी तळहातावर तोलून पाहिली आणि खाली ठेवली. ते एक शब्दही बोलले नाहीत.

पुढे मान बसली, खुंट्या बसल्या, घोडी बसली. विश्रामने लाखेचे पॉलिश चढवायला आठ दिवस घेतले. फळीत तोंड दिसू लागले. मे महिना सरत आला तेव्हा तारा चढल्या, आणि त्याने मोठ्या अदबीने गिटार बाबांच्या मांडीवर ठेवली.

बाबांनी तार छेडली. आवाज आला, पण शेजारच्या खोलीत दार लावून कोणी बोलावे तसा. त्यांनी दुसरी छेडली, तिसरी छेडली. विश्राम म्हणाला की नवी आहे, हळूहळू उघडेल. मग म्हणाला की तारा हलक्या असतील. तोवर बाबा काहीतरी विचित्रच करू लागले होते.

त्यांनी गिटार बाकावर उताणी ठेवली, वाकून बाकाखालचा लाकडाचा बारीक भुसा मूठभर उचलला आणि त्या आरशासारख्या फळीवर सगळीकडे भुरभुरला. आठ दिवसांचे पॉलिश! विश्राम फडके घेऊन धावला. बाबांनी त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने तार छेडली. भुसा होता तिथे बसून राहिला.

मग त्यांनी भिंतीवरची एक जुनी गिटार काढली. पोट फुगलेली, चिरेवर ठिगळ लावलेली, पॉलिश उडालेली. तिच्यावरही तसाच भुसा टाकला आणि तीच तार छेडली. सगळा भुसा उडाला. कण थुई थुई नाचले, पळाले आणि फळीवर ओळी धरून थांबले. विश्राम पाहतच राहिला. त्याने आजवर लाकूड चिरलेले, जोडलेले, घासलेले पाहिले होते. हललेले पाहिले नव्हते.

“आत किती आहेत?” बाबांनी विचारले.

“चार,” विश्राम म्हणाला. काय किती, हे त्याला विचारावे लागले नाही. उलट त्यानेच विचारले, “तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना, बाबा? मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तू पट्ट्या काढल्या असत्यास. पण पुढच्या वेळी पुन्हा लावल्या असत्यास,” बाबा म्हणाले. “विश्राम, कपाटाचं काम धरून ठेवायचं. त्याने हलता कामा नये. ही फळी हलण्यासाठीच आहे. तारा तिला सतत ओढत असतात. त्या ओढीने ती फाटू नये इतकी ती भक्कम हवी, पण त्या ओढीचा तिला पत्ताच लागू नये इतकी भक्कम नको. ह्या दोन्हींच्या मध्ये केसाएवढी जागा आहे. माझं आयुष्य त्या जागेत गेलं. कधी चुकतो, मग गिटार परत येते.”

विश्रामने खाली पाहिले. ज्या गोष्टीची त्याला चार महिने भीती वाटत होती ती आता त्याच्या तोंडून बाहेर पडली.

“ती चौदा तास लांब असणार, बाबा. तिथे मोडली तर ती कुणाकडे नेईल?”

“तुझ्याकडे आणेल.”

विश्राम फडक्याने आपल्या गिटारीवरचा भुसा टिपू लागला.

“तू तिला अशी वस्तू द्यायला निघालायस की तिला पुन्हा तुझी गरजच पडू नये,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता. “तीस वर्षं कपाटं केलीस. एक परत आलं नाही, खरं. पण एक माणूस तरी परत आला का? ही ठिगळवाली पाहिलीस ना, तिचा मालक दर वर्षी येतो. बिघडलेलं थोडंच असतं. पण येतो, बसतो, चहा पितो, काय नवीन शिकला ते वाजवून दाखवतो. मी ही केली तेव्हा तो कॉलेजात होता. आता त्याचे केस पिकलेत.”

विश्रामला आपल्या गिऱ्हाइकांचे चेहरे आठवायचा प्रयत्न करूनही आठवेनात. कपाटे मात्र सगळी आठवत होती. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवावे असेही त्याला वाटले नाही.

केतकी निघायला बारा दिवस राहिले होते. बाबांनी तारा उतरवल्या, चुलीवर सुरी तापवली आणि त्याच्या हातात दिली. सरस आहे, ऊब दिली की सोडतो, म्हणाले. आपणच पक्का केलेला सांधा आपल्याच हाताने उघडायची वेळ विश्रामवर उभ्या आयुष्यात आली नव्हती. पहिल्या बोटभर अंतराला अर्धा तास लागला. बाबा शेजारी बसून सुरी गार झाली की दुसरी तापवून देत राहिले. संध्याकाळपर्यंत पाठ सुटली. चारही पट्ट्या पटाशीने निघाल्या, आणि मग राहिलेले तासकाम आतून सुरू झाले.

बाबांनी फळीवर पेराने ठोकले. विश्रामने कान लावला. त्याने थोडे तासले, पुन्हा ठोकले. तिसऱ्या दिवशी केव्हातरी, ठोकून बोट उचलल्यावरही फळी बोलतच राहिली आणि विश्रामने चमकून बाबांकडे पाहिले. त्याला ऐकू आले होते. त्या आनंदात त्याने अजून थोडी तासू का, असे विचारले.

“पुरे,” बाबा म्हणाले. “आता तुझी आधीची भीती थोडी परत आण.”

पाठ पुन्हा सरसानेच लागली. कडेचे पॉलिश घाईचे झाले, ते ज्याला शोधायचे त्याला आजही दिसेल.

केतकी निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी विश्रामने गिटार तिच्या हातात दिली. तिने ती न्याहाळली नाही, लगेच वाजवायलाच घेतली. शाळेतल्या मुलांना शिकवते ते एक साधे गाणे ती वाजवत होती, आणि आवाज ओटीवरून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर गेला. विश्राम समोर बसून फळीकडे पाहत होता. आता ती हलताना त्याला डोळ्यांनी दिसत नव्हती, पण हलत आहे हे ठाऊक होते. एवढ्या पातळ फळीवर आपण तिला सोडतो आहोत, ह्याची धाकधूकही होती. गाणे संपेपर्यंत ती धाकधूक गेली नाही आणि जावी असे त्याला वाटलेही नाही.

केतकीने गिटार छातीशी धरली आणि वडिलांकडे पाहिले.

“पुढच्या मे महिन्यात घेऊन ये,” विश्राम म्हणाला. “उन्हाने लाकूड आकसतं. घोडी बघावी लागेल मला.”

“आणि घोडीला काही झालं नसलं तर, अप्पा?”

“तरी आण,” विश्राम म्हणाला.