न कापलेले बेट

एकदा एक बातमी आमच्या गावात अर्धीच येऊन पोहोचली. मी पिठाच्या गिरणीवर डबा घेऊन रांगेत उभी होते आणि पुढच्या दोघी एकमेकींच्या कानाशी लागल्या होत्या. "आबांनी रानात कोयता घातला म्हणे! आणि विश्रामची राखणदारी तर..." तेवढ्यात गिरणी सुरू झाली आणि पुढचे शब्द पिठात गेले. मी हातानेच विचारले, तर काय? तिने हातानेच सांगितले, नंतर.

दुपारपर्यंत त्या अर्ध्या बातमीला प्रत्येकाने आपापली शेपटी लावली होती. कोणी म्हणे, आबांनी बांबू ठेकेदाराला दिला. कोणी म्हणे, विश्रामला रानातून हाकलले. आमच्या जाऊबाईंनी तर आबांना या वयात चळ लागल्याचे निदानच करून टाकले. आबांच्या घराला आमची भिंत लागून, म्हणून जो तो मलाच विचारायला येऊ लागला.

हे आबा कोण, ते सांगायला हवे. आमच्या गावामागचा डोंगर तीस वर्षांपूर्वी अगदी बोडका होता. सरपणासाठी बायका दोन कोस चालत. आबांनी घरोघर फिरून गावाकडून कुऱ्हाडबंदी कबूल करून घेतली आणि रोज दोन घरांनी राखणीला जायचे अशी पाळी लावली. पहिली पाळी त्यांनी स्वतः घेतली, आणि ज्याच्या घरी आजारपण असेल त्याचीही स्वतःच घेतली. हळूहळू रान उभे राहिले. ओढ्याला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. इतके करून या माणसाने कुठल्याही दगडावर आपले नाव घालू दिले नाही.

विश्राम हा त्यांचा शिष्य. आबांच्या मागे फिरून तो झाडे ओळखायला शिकला, पाऊलखुणा वाचायला शिकला. आबांचे गुडघे दुखू लागले तेव्हा राखणदारी त्याच्या हाती आली. मुलगा प्रामाणिक, रानावर जीव टाकणारा. त्याने गुरूच्या नियमावर आणखी नियम चढवले. कुऱ्हाडीनंतर कोयता बंद केला, मग पालापाचोळा आणणे बंद केले, शेवटी वाटेवर दोरच बांधला. आणि खरे सांगते, आम्हाला ते आवडले. शहरातून पाहुणे येत, राखणदाराने नेले तेवढेच पायवाटेने फिरत, हात जोडत, फोटो काढत. देवघराचे दार लावून बाहेरून नमस्कार करावा, तसा आम्हीही रानाला नमस्कार करू लागलो. येत्या ग्रामसभेत दोराच्या जागी लोखंडी फाटक बसवून रान कायमचे बंद करण्याचा ठराव यायचा होता.

त्या ठरावाने एका घराचे कंबरडे मोडणार होते, ते ठकूबाई बुरूडणीचे. सुपे, टोपल्या, कणग्या विणायच्या. तिच्या घरात तीन पिढ्या दुसरा धंदा नाही. आठ वर्षे तिला बांबूच्या बेटांत पाय ठेवायला बंदी होती. ती बाजारातून बांबू आणते असे सगळे धरून चालत. तिची ओसरी माझ्या परसातून दिसते. बाजारातल्या बांबूला हिरवी पाने नसतात एवढे मला कळत होते. पण शेजारधर्मात काही गोष्टी दिसूनही न दिसल्यासारख्या कराव्या लागतात. फाटक बसले तर भावाच्या गावी निघून जाईन, असे ती मला म्हणाली होती आणि बोचकी बांधायलाही लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पुन्हा कोयता घेऊन निघाले. त्यांच्या मागे ठकूबाई. तिच्या मागे, चुलीवरचा चहा तसाच उतरवून ठेवून, मी.

ओढ्याच्या अलीकडे विश्रामचे लाडके बेट आहे. आठ वर्षांत त्याला पाते लागले नव्हते. त्या बेटापुढे तो आडवा उभा होता आणि पंधरा-वीस माणसे जमली होती. आदल्या दिवशी आबांनी एकच बांबू कापला होता. नवल असे की बुडाशी तुटलेला तो बांबू पडला नव्हता, बाकीच्या बांबूंच्या गर्दीत तसाच उभा होता.

"आबा," विश्राम म्हणाला, "रानावर घाव पडू द्यायचा नाही, ही शपथ तुम्हीच घातलीत मला. आणि आज तुमच्याच हातात कोयता? मी गावाला काय तोंड दाखवू?"

"तोंड नंतर दाखव," आबा म्हणाले. "आधी मला एक काठी दे. काल हा बांबू कापला, तो काही हे बेट सोडत नाही. तू तरणा आहेस. ओढ बघू."

विश्रामने ओढला. हलेना. दोघांनी ओढला, मग तिघांनी.

"जोर लावा की रे! बायकोनं उपाशी धाडलंय का?" ठकूबाई मागून म्हणाली.

पण बांबू हलला नाही. वर शेजारच्या बांबूंनी त्याला असा पिळून धरला होता की जिवंत आणि मेलेला यांत फरक उरला नव्हता.

"आता आत जाऊन बघ," आबा म्हणाले.

विश्राम पोटावर सरपटत बेटाच्या बुडाशी शिरला. बराच वेळ नुसती पाने वाजत राहिली. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात यंदाच्या पावसाळ्यातला कोंब होता. हातभर वाढलेला, मग जागा न मिळून वळलेला आणि टोकाशी काळा पडलेला.

"असे किती?"

"सगळेच," विश्राम म्हणाला. "आत जागाच नाही, आबा. मधलं बेट वाळून गेलंय. बाहेरून कळतच नाही." मग त्याने एकदम मान वर केली. "पण ओढ्यापलीकडचं बेट? तेही मी असंच राखलंय. ते कसं तरारलंय! पाहुण्यांना मी तेच दाखवतो, बंदीचं फळ म्हणून."

"चल तर, तेही बघू."

आम्ही सगळे ओढा ओलांडून गेलो. खरोखरच देखणे बेट. बांबू सरळसोट, दोन बांबूंमध्ये माणूस उभा राहील एवढी जागा, आणि यंदाच्या कोवळ्या काठ्या अंगावरची सालपटे न टाकता ताठ उभ्या. पाहुण्यांना विश्राम ते पायवाटेवरूनच दाखवी. आपण घातलेली बंदी त्याने स्वतःही मोडली नव्हती. आता आबांनी त्याला आत पाठवले. आत गेला आणि तो खाली वाकला तो वाकलेलाच राहिला.

मधोमध जुन्या बांबूंचे बुडखे होते. प्रत्येक बुडखा पहिल्या गाठीच्या किंचित वर कापलेला, पाणी साचू नये असा. काही पार काळे पडलेले, काही गेल्या हंगामातले. वर्षानुवर्षे कोणीतरी इथे कापत आले होते.

"चोरी!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. "राखणीत चोरी! धरा त्याला!"

ठकूबाईने पदर खोचला आणि ती पुढे आली.

"धरा की. समोर उभी आहे. दुपारी राखणीची माणसं भाकरी खायला बसत, तेव्हा यायची मी. चोरी म्हणा, मी नाही म्हणत नाही. पण कोवळ्या काठीला कधी हात लावला नाही आणि पावसाळ्यात बेटात कधी पाऊल टाकलं नाही. सासूनं शिकवलं तसंच कापलं. काय शिक्षा करायची ती करा, माझी बोचकी बांधलेलीच आहेत."

तेव्हा आबा बेटाच्या कडेच्या दगडावर बसले आणि शिष्याला म्हणाले:

"विश्राम, डोंगर बोडका होता तेव्हा मी बंदी घातली. आजारी माणसाला पेज देतात ना, तशी. रान बरं झालं, पण पेज थांबवायची हे सांगायला मी विसरलो. आणि तू इतका गुणी, की गुरूनं दिलेली पेज आणखी पातळ करून देत राहिलास. चूक तुझ्याआधी माझी आहे. बांबूला दर पावसात लेकरं होतात, बाळा. चार वर्षांची काठी आपणहून जागा सोडत नाही. तिला काढावं लागतं, मधून, जाणत्या हातानं. ते हात आपल्याच गावात होते. आपण त्यांना दोराबाहेर ठेवलं आणि बाहेर उभं राहून रानाला ओवाळत बसलो."

"म्हणजे आता सगळ्यांनीच कोयते घ्यायचे का?" मघाचाच आवाज.

"तू मुळीच घेऊ नकोस," आबा म्हणाले. "तू गेल्या साली कढीपत्ता छाटलास, तो अजून फुटला नाही."

सगळे हसले. हसू ओसरल्यावर आबा म्हणाले, "वरच्या अंगाला कोवळी झाडं आहेत. तिथं पात्याला अजून बंदीच. कुठं हात लावायचा आणि कुठं नाही, हे कळायला रानात उतरावं लागतं. मी तुला झाडं शिकवली. बेट मला कधी कळलं नव्हतं. मीही परवा ठकूकडूनच शिकलो. ती कबुली द्यायला माझ्याकडं आली, तेव्हा."

एवढ्या माणसांत आपण चुकलो हे ऐकून घेणे सोपे नसते. मला वाटले, विश्राम पाय आपटत निघून जाईल. तो बेटातून बाहेर आला आणि ठकूबाईसमोर उभा राहिला.

"मावशी, आठ वर्षं तुमच्या बेटापुढं उभा राहून मी माझी फुशारकी मारली."

"मारलीस खरी," ठकूबाई म्हणाली. "एकदा-दोनदा झुडपामागून ऐकली मी. छान बोलतोस."

सोमवारी ग्रामसभा झाली. फाटकाचा ठराव विश्रामनेच मागे घेतला. तो म्हणाला, "बांबूच्या बेटांची राखण ठकूमावशींकडं द्या. वरचं रान माझ्याकडं राहू दे. दोन हंगाम मी त्यांच्या हाताखाली शिकतो." हात वर करा म्हटल्यावर आमच्या जाऊबाईंनी दोन्ही हात वर केले. आबा मागच्या रांगेत बसले होते. शिष्याकडे ते असे बघत होते, जणू रान आजच उभे राहिले आहे.

ठकूबाईने बोचकी सोडली. त्याच आठवड्यात ती डोंगरावरून उतरताना दिसली आणि मागून खांद्यावर बांबू घेतलेला विश्राम. "शेंडा घासतोय भुईला, उचल जरा!" ती त्याला भर रस्त्यात दटावत होती आणि तो मुकाट्याने उचलत होता.

गिरणीवरची ती बाई तेव्हा माझ्या दारात उभी होती. कोपराने मला ढोसून म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? विश्रामची राखणदारी गेली म्हणून?"

"गेली," मी म्हटले, "पण अर्धीच. आणि ती कोणी काढून घेतली नाही गं, त्यानं आपल्या हातानं दिली."