माळावरचा कवला

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात सुभाना नावाचा शेतकरी आणि त्याची बायको मैना राहत असत. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ होता. गावात कारळ्याचे पीक निघे आणि त्याच्या तेलावर सगळ्यांचा संसार चाले.

एका वर्षी गावाने तलाव बांधला. बांधाला माती हवी होती, म्हणून सगळ्यांनी मिळून माळावरची माती खणून खाली आणली. बांध पक्का झाला, तलाव भरला. माळावर मात्र उघडा मुरूम राहिला.

पुढच्या पावसाळ्यात माळावर काहीच फुलले नाही. कड्यातल्या मधमाश्या पोळी सोडून निघून गेल्या. शेतात कारळे नेहमीसारखे पिवळेधमक फुलले, पण मळणी केल्यावर हाती नुसता भुसा आला. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच झाले. घाणा बंद पडला. लोक गाव सोडण्याच्या गोष्टी करू लागले. सुभानाचा शेजारी केरबा याने तर गाडीच्या चाकांना वंगण घालून ठेवले.

सुभानाला आठवत होते की श्रावणात हा माळ कवल्याच्या फुलांनी भरून जाई. माश्या तिथे पोसत आणि मग कारळे फुलले की खाली उतरत; त्या फुलांवर फिरल्या तरच दाणा भरे. त्याने गावाच्या बैठकीत सांगितले की मी माळावर पुन्हा कवला लावतो.

"मुरमावर फुलं येतात होय रे?" केरबाने विचारले.

थोडा धीर धर, एवढेच सुभाना म्हणाला.

कवला म्हणजे वीतभर उंचीचे रोप. पाने चिंचेच्या पानांसारखी, फूल पिवळे आणि त्यावर दोन तांबडे ठिपके. बायका त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करत, यापलीकडे त्याला कोणी विचारत नसे. पलीकडच्या डोंगरावर तो अजून टिकून होता. दिवाळीनंतर शेंगा वाळल्या तेव्हा नवरा-बायको तिथे गेली आणि रोपांच्या बुडाशी सांडलेले बी मातीसकट गोळा करून टोपलीतून घेऊन आली.

पावसाच्या तोंडावर त्यांनी अर्धे बी मातीतून निवडून माळावर फेकले. पाऊस आला, पण बी खड्यासारखे पडून राहिले. सुभानाने एक दाणा दाताखाली धरून पाहिला. तो फुटेना. तेव्हा उरलेले बी मैनाने जाड रेतीत मिसळून तळहातांवर चोळले. त्याची चकाकी गेल्यावर ते रात्रभर पाण्यात भिजत ठेवले. सकाळी दाणे टपोरे फुगले होते. ते पेरले आणि आठवड्याच्या आत माळावर हिरवे ठिपके उमटले.

पण रोपे बोटभर झाली आणि तिथेच थांबली. पाने पिवळी पडू लागली. सुभानाला ते बघवेना. शेतासाठी राखलेले शेणखत त्याने पाटीपाटीने माळावर चढवले आणि अर्ध्या भागावर पसरले. मैनाने विचारले की मग आपल्या शेताला काय घालायचे. त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. खत मिळताच तिथे तण माजले, गुडघ्याच्या वर गेले, आणि कवला त्याखाली दिसेनासा झाला. सुभाना डोके धरून मुरमावरच बसला.

तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून मैनाने हाक मारली. तिथे खताचा कणही पडला नव्हता. तरी एका जागी रोपांचा एक पुंजका गर्द हिरवा झाला होता. पलीकडच्या डोंगरावरून बियांबरोबर आलेली माती मैनाने टोपली झटकताना तिथेच सांडली होती.

सुभानाने एक रोप अलगद उपटले. मुळांना बाजरीच्या दाण्यांएवढ्या गाठी होत्या. त्याने एक गाठ नखाने फोडली. ती आतून रक्तासारखी लाल होती. मैनाने बाजूची पिवळी रोपे उपटून पाहिली; त्यांच्या मुळांना एकही गाठ नव्हती.

"अहो, हा आपल्याकडं काही मागत नाही," मैना हळूच म्हणाली. "हाच मातीला खत घालतोय."

सुभानाने रोप पुन्हा जमिनीत रोवले आणि ओंजळीने पाणी घातले. सगळ्या गावाने बैल जुंपून जी माती खाली नेली होती, ती हे वीतभर रोप एकटे पुन्हा घडवायला बसले होते.

पुढच्या वर्षी त्यांनी पलीकडच्या डोंगराची टोपलीभर माती आणली, बियाण्यात कालवली आणि खताविना पेरणी केली. त्या श्रावणात माळ पिवळा झाला. गाव ते बघायला वर आले. जमिनीतूनच उठतोय असा एक गुणगुणाट सगळीकडे भरला होता. हजारो माश्या वीतभर उंचीवर तरंगत होत्या. म्हाताऱ्यांनी वहाणा काढून हातात घेतल्या. केरबा उकिडवा बसून एकाच फुलाकडे टक लावून राहिला.

त्या वर्षी कारळ्याची बोंडे काळ्या दाण्यांनी गच्च भरली. घाणा फिरू लागला. गाव सोडण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

अशी काही वर्षे गेली. मुरमावर बोटभर काळी माती साचली. मग तिथे गवत आले, तेरडा आला, सोनकी आली, नावे माहीत नसलेली निळी-जांभळी फुले आली. कवला मात्र विरळ होत गेला. ज्याने माळ उभा केला त्यालाच हे उपरे हुसकून लावताहेत, असे सुभानाला वाटले. एका सकाळी तो विळा घेऊन माळावर गेला.

त्याने तेरड्याची मूठ धरली आणि विळा लावला. मुठीतल्या फुलात एक माशी होती. ती उडाली नाही, तशीच मध घेत राहिली. शेजारच्या फुलावर दुसरी होती, तिच्या पलीकडे आणखी. सुभानाने वाकून पाहिले. मुळांशी माती ओली, भुसभुशीत होती आणि तिच्यात गांडुळे वळवळत होती. त्याने मूठ सोडली.

तो विळा खाली धरून चालत चालत माळाच्या कडेला पोहोचला. तिथून पुढे अजून उघडा खडक होता. आणि खडकाच्या भेगाभेगांतून, कोणी न पेरता, कवल्याची नवी रोपे वर आली होती.

सुभाना तिथे गुडघे टेकून बसला.

त्यानंतर दरवर्षी तो बी घेऊन पुढच्या उजाड उतारावर जाऊ लागला. एकदा केरबा त्याच्याबरोबर माळावर आला. फुलांच्या एवढ्या गर्दीत त्याला ओळखीची पिवळी फुले दिसेनात.

"सुभाना, तुझा कवला कुठं गेला रे?"

सुभानाने खडकाकडे बोट केले. "पुढं गेलाय. इथलं त्याचं काम झालं."

तात्पर्य: उजाड जागी जो पहिल्यांदा पाय रोवतो आणि दुसऱ्यांसाठी जमीन तयार झाली की हक्क न सांगता पुढे जातो, तोच खरा दाता.