पाटी उतरवूनही न उतरणारा भार

फार जुनी गोष्ट आहे. राजा कोण, राज्य कुठलं, ते विचारू नका. मलाही कुणी सांगितलेलं नाही. एवढं ठाऊक आहे की टेकडीवर राजधानी होती आणि टेकडीखाली मिठागरं. मिठागरातली माणसं दिवसभर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत.

राजाचा हुकूम दवंडीने कळे. खाली मिठागरात दवंडी पिटायचं काम एका बाईकडे होतं. वरून आलेला शब्द जसाच्या तसा सांगायचा, काना-मात्रा बदलली तर शिक्षा. बाई नेकीची होती, आणि त्या नेकीचा तिला थोडा ताठाही होता.

एके वर्षी दवंडी आली. "ऐका हो ऐका! राज्यात हृदयविकार बळावला आहे. तूप कमी खावे. रोज बागेत फेरफटका मारावा. लक्षण दिसताच राजवैद्यांकडे यावे. औषध फुकट मिळेल!"

बाईने ती खाली पिटली. सगळं मिठागर पोट धरून हसलं.

"तूप? वासाला तरी मिळतंय का?"

"फेरफटका मारा म्हणे! आम्ही काय दिवसभर झोपा काढतो?"

हा आजार वरच्या लोकांचा, असं ठरवून जो तो कामाला लागला.

त्याच आठवड्यात दोन धडधाकट गडी बांधावर कोसळले, ते उठलेच नाहीत. ऊन लागलं, असं लोक म्हणाले. बाईला काही ते पटेना. तिला घास गोड लागेना, एका जागी बसवेना.

मग एका सकाळी तिचा थोरला भाऊ कामावर निघताना म्हणाला, "दोन दिस भार आलाय गं बाय."

"मग उतरव की. घटकाभर बस," ती सवयीने म्हणाली. तिथे सगळे असंच म्हणत. भार म्हणजे डोक्यावरची पाटी, दुसरं काय?

भाऊ गेला. बाई भांडी घासायला बसली आणि तिचा हात थांबला. दादाच्या डोक्यावर पाटी होती कुठे? तो तर नुकता झोपून उठला होता! मग हा भार दवंडीतल्या त्या आजाराचा तर नव्हे?

भांडी तशीच टाकून ती टेकडी चढली आणि धापा टाकत राजवैद्यासमोर उभी राहिली.

"वैद्यबुवा, हृदयविकार झाला म्हणजे माणसाला होतं तरी काय?"

"छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतं. घाम फुटतो, डावा हात दुखतो."

"पण आम्ही तूप खात नाही हो!"

"खारी मासळी खाता ना? शिवाय एवढी ओझी वाहायची आणि विसावा नाही. काळजाला तेवढं पुरतं."

"मग हे दवंडीत का नाही घातलं?"

वैद्य ओशाळला. "ती दरबारातल्या मंडळींना समोर ठेवून लिहिली होती."

बाईला असा संताप आला! पण भांडायला वेळ कुठे होता? तिने वैद्याला औषधासकट खाली आणलं, घरातून डफडं उचललं आणि बांध गाठला. शंभर माणसांची रांग चालली होती. पाट्यांखाली कुणाचा चेहरा दिसेना. यातला दादा कुठला? हुकुमाबाहेरचा शब्द तोंडातून काढायचा तर शिक्षा ठरलेली. होऊ दे शिक्षा!

"ऐका रे माझ्या माणसांनो! पाटी उतरवली तरी छातीवरचा भार उतरत नाही, असं ज्याला होतंय त्यानं आहे तिथंच खाली बसा! तोच तो हृदयविकार! तो आपलाबी हाय रे, आपलाबी हाय!"

रांग थांबली. पाट्या खाली आल्या. तीन माणसं मटकन बसली. त्यातला एक तिचा दादा होता, घामाने निथळत होता. वैद्याने तिघांच्या जिभेवर औषध ठेवलं, आणि तिघेही वाचले.

लोकांनी बाईला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. तेवढ्यात गर्दीतून एक तरुण बाई पुढे आली. आधीच्या आठवड्यात कोसळलेल्या गड्याची ती बायको.

"माझ्या माणसालाबी भार आला होता," ती म्हणाली. "तवा का नाही गं अशी ओरडलीस?"

तेव्हाही आपण शब्द न् शब्द बरोबर सांगितला होता, एवढंच बाईला आठवलं. तिने हातातलं डफडं खाली ठेवलं.

तात्पर्य: ज्याच्या जिवाची गोष्ट, त्याच्या बोलीत ती पोचली नाही, तर ती सांगितलीच नाही असं समजावं.