सुधारलेलं मीठ

सागवे संस्थानचे दिवाण जर्मनी पाहून आले आणि त्यांनी मिठागरवाल्यांना कचेरीत बोलावलं. "तिकडचे रंगाचे कारखानदार मिळकतीचा दहावा हिस्सा प्रयोगांवर घालतात. तुम्ही आळशी, दमडीही घालत नाही. महिन्याभरात सुधारलेलं मीठ आणा, नाहीतर मिठागरं जप्त."

महिन्यानं धाकलीबाई आगरीण पुडी घेऊन आली. दिवाणांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं.

"हे तर नेहमीसारखंच खारट आहे."

"खारट नसतं तर घेतलं असतं का, साहेब? तिकडं रंग विकतात, गिऱ्हाईक दरसाल नवा मागतं. इकडं मीठ विकतात. आळशी आम्ही नाही, मीठ आहे. हजार वर्षांत त्यानं चव बदललेली नाही."

दिवाण खाल्ल्या मिठाला जागले. जप्तीचा हुकूम त्यांनी स्वतःच फाडला.