बाजीनानांची उडी

एका गावाजवळ धरण बांधायला साहेबलोक आले. धरण झाले, साहेब निघून गेले, आणि त्यांचा ब्रिजचा खेळ मात्र गावातच राहिला.

त्यालाही कारण होते. धरणाच्या पाटाचे पाणी आधी वरच्या वाडीला की खालच्या, यावरून दर वर्षी डोकी फुटत. जाता जाता एका साहेबाने तोड काढून दिली. काठ्या ठेवा आणि पत्ते घ्या. ज्या वाडीची जोडी जिंकेल, तिला पाण्याची पहिली पाळी. तेव्हापासून देवळापुढे घोंगडी अंथरली जाई आणि दोन्ही वाड्या भोवती कोंडाळे करून बसत.

खालच्या वाडीचे बाजीनाना आणि त्यांचा मेहुणा ही जोडी नावाजलेली होती. ब्रिजमध्ये आधी बोली लागते. कोणता रंग हुकूम धरून आपली जोडी किती हात करील, ते पाळीपाळीने सांगायचे. शहाणी माणसे खालून सुरुवात करतात, म्हणजे जोडीदाराशी बोलीबोलीतून बोलता येते. नाना तसे करत नसत. पाने उचलली की ते एकदम गरजत, "तीन बदाम!" म्हणजे तेरातले नऊ हात! गाव त्याला नानांची उडी म्हणे. उडी पडली की समोरच्यांना बोलायला जागाच उरत नसे.

वरच्या वाडीकडून केरबा आणि त्याची सगुणाआत्या खेळत. मागच्या वर्षी नानांची उडी पडली आणि केरबाचे डोके तापले. त्याच्याकडे चौकटची पाने बरी होती. तो नानांहून मोठ्याने ओरडला, "चार चौकट!" आत्याकडे चौकटचे एकच पान निघाले. डाव बुडाला आणि पहिले पाणी खाली गेले. आत्याची वांग्याची रोपे कोरड्या पाटाच्या कडेला उभ्या उभ्या वाळली. तिने ती एकेक करून उपटून टाकली. तेच केरबाला जास्त लागले.

नाना ओरडतात तरी का, हे कोडे त्याला सुटेना. मग वर्षभर, नाना कुठेही खेळायला बसले की तो त्यांच्या मागे जाऊन बसे. मागे बसणाऱ्याने बोलायचे नाही, फक्त बघायचे, असा तिथला रिवाज होता.

यंदा घोंगडीकडे जाताना आत्याने विचारले, "वरीसभर नानाच्या पाठीशी बसलास. काय गावलं?"

"काहीच नाही गं. कधी नुसते बदाम असतात आणि बाकी सगळा पाचोळा. कधी चांगली पानं पण असतात. आवाज मात्र तेवढाच."

"बरं. मग आता माझ्यासमोर बसणार हाईस, तर जरा माझ्याकडं बी बघ."

डाव बरोबरीत चालले. शेवटचा डाव वाटला गेला. नानांनी पाने उचलली, मिशीवर हात फिरवला आणि गरजले, "तीन बदाम!"

आता पाळी केरबाची होती. त्याच्याकडे बदामाचे एकच पान होते. चौकट पुन्हा चांगली होती, इस्पिक चार होते, किलवरचा एक्का होता. "चार चौकट" जिभेवर आले. मग वाळलेली रोपे आठवली आणि गप्प बसावेसे वाटले.

"काय रं केरबा," खालच्या वाडीतून कुणीतरी ओरडले, "बोलतोस का घालू अंथरूण?"

लोक हसले. केरबाने नानांकडे बघितले. नानांचा चेहरा नेहमीसारखाच होता. तिथे बघून काही कळणार नव्हते, हे तो वर्षभर शिकला होता. मग त्याने पुन्हा आपल्या पानांकडे बघितले. आपल्याकडे बदाम नाहीत, बाकी तिन्ही रंगांत काहीतरी आहे. यातला आत्याचा रंग कोणता असेल? मागच्या वर्षी हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

तो हळूच म्हणाला, "डबल."

अशा उडीवर डबल म्हणजे जोडीदाराला विचारणे, की माझ्याकडे थोडेफार आहे, तुझा रंग कोणता ते तू सांग.

मेहुणा पास म्हणाला. आत्याने पदर सावरला. "तीन इस्पिक." इस्पिकचा मान बदामाच्या वरचा. बाकी सगळे पास म्हणाले.

आता डाव आत्याचा होता; जिची बोली, तीच दोघांचीही पाने खेळते. केरबाची पाने घोंगडीवर उघडी पडली आणि त्याला नुसते बघत बसायचे होते. नानांनी बदामाचा एक्का टाकला, तो चालला. दुसरा बदाम टाकला, तो आत्याने केरबाच्या इस्पिकने कापला. पुढे नानांच्या मुठीत बदाम तसेच राहिले आणि आत्याने एकेक करत नऊ हात पुरे केले.

वरची वाडी नाचायला लागली. नाना पाने टाकून म्हणाले, "पोरा, माझ्याकडं बदामाबिगर काही न्हाई हे वळखलंस कसं?"

केरबा लाजला. "वळखलं नाही, नाना. तुमच्याकडं असतं तर आम्ही बुडालोच होतो."

"मग?"

"मागल्या वर्षी आत्याला बोलूच दिलं नव्हतं मी. तेवढं राहिलं होतं."

आत्या तोवर उठली होती. खोरे खांद्यावर टाकून ती पाटाकडे चालू लागली. "चल रं," ती मागे वळून म्हणाली, "रोपं वाट बघत्यात."

तात्पर्य: समोरचा मोठ्याने बोलला म्हणून चिडू नये आणि भिऊही नये. आपल्याकडे काय आहे ते पाहावे आणि आपल्या माणसाला बोलू द्यावे.