आग्रहाची कॉफी

डोंगरउतारावरच्या एका गावात एक कासार होता. त्याचा हात इतका हलका, की बांगडी कधी मनगटावर चढली ते कळायचंही नाही. सकाळी एक कप कॉफी, दुपारी एक. तेवढ्यानं त्याला तरतरी यायची, दिवसभर काम नीट व्हायचं. कॉफीनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

बिघडवलं ते गावानं. परसात कॉफीची झाडं, त्यामुळे दारी आलेल्याला कॉफी पाजल्याशिवाय सोडायचं नाही, अशी रीत. नको म्हटलं की लगेच, "माझ्या हातची आवडत नाही वाटतं?" कासार बिचारा भिडस्त. दहा घरं, दहा कप. झोप उडाली, छातीत धडधड व्हायला लागली, बोटं थरथरायला लागली.

पाटलांच्या मुलीचं लग्न ठरलं. हिरवा चुडा भरायला कासार आला आणि तिसरीच बांगडी फुटली. नवरीच्या मनगटावर रक्त आलं.

"अपशकुन केलात!" पाटलीणबाई कडाडल्या. "पुन्हा या गावात पाऊल टाकू नका."

आता काय म्हणावं या बाईला? थोड्या वेळापूर्वी शपथ घालून दोन कप हिनंच पाजले होते. पाजायचं आपण आणि बोल लावायचा त्याच्या हाताला!

कासार मान खाली घालून बांगड्या आवरू लागला. गाव सुटलं तर पोट कशावर भरायचं?

नवरी म्हणाली, "आई, कासारमामा नको नको म्हणत होते. तूच ऐकलं नाहीस. चुडा मी त्यांच्याकडूनच भरणार. मामा, उद्या या."

दुसऱ्या दिवशी कासार दारोदार हात जोडत गेला. "सकाळची झाली, आता दुपारीच." दोन घरांनी तोंडावर दार लावलं. लाज वाटायला हवी होती त्यांना. त्याला वाईट वाटलं, पण तो पुढे गेला.

पाटलांच्या घरी त्यानं नवरीचा हात हातात घेतला, तोच पाटलीणबाई कप घेऊन आल्या. सवय कुठली जायला! "घोटभर तरी घ्या. एवढ्यानं काय होतंय?"

कासारानं पहिल्यांदाच मान वर केली. "पाटलीणबाई, कॉफी पाजायची आहे की लेकीचा चुडा भरायचा आहे?"

पाटलीणबाईंनी कप मागे घेतला. चुडा भरून झाला. एकही बांगडी फुटली नाही.

मुलांनो, आणि मुलांपेक्षा मोठ्यांनो, तात्पर्य: बेतानं घेतलेली कॉफी गुणाची, पण समोरचा नको म्हणत असताना पाजली, तर तो पाहुणचार नव्हे, छळ आहे.